मनगट कामगाराचं, घड्याळ कुणाचं?

नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळं बांधली, त्याला आता बरीच वर्षं झाली. पहाटे हजेरी लागली की घड्याळ हातात चढवायचं आणि ठरलेल्या बीटमध्ये, म्हणजे वाटून दिलेल्या भागात, ठरलेले तास काढायचे. हद्द ओलांडली की कार्यालयातल्या पडद्यावर नोंद होते, आणि नोंद झाली की पगारावर गदा. नागपूर यात एकटं नाही. नवी मुंबई, इंदूर, लखनौ, म्हैसूर, पंचकुला, चंडीगड अशा कितीतरी शहरांनी हीच वाट धरली. चंडीगड आणि पंचकुल्यात तर कामगारांनी या घड्याळांविरुद्ध आवाज उठवला. बायकांचा सवाल सरळ होता: ही वस्तू हातात घालून संडासला जायचं कसं? आत कॅमेरा आहे की माइक, ते आम्हाला कोण सांगणार?

या घड्याळांची चर्चा झाली ती मुख्यतः पाळतीच्या अंगाने. ती व्हायलाच हवी होती. पण एका गोष्टीकडे फारसं कुणी पाहिलं नाही. पाळतीचा मुद्दा घटकाभर बाजूला ठेवला तरी, अंगावर वागवायचा संगणक म्हणूनही ही वस्तू वाईट आहे. पट्टा टोचतो किंवा बॅटरी लवकर उतरते म्हणून नव्हे. ही गाऱ्हाणी नंतरची. ती वाईट आहे कारण बनवताना जिच्या हातात ती बसणार त्या बाईला कुणी 'वापरणारी' धरलंच नाही. वापरणारे म्हणजे झोन ऑफिसात पडद्यासमोर बसलेले साहेब. त्यांच्यासाठी नकाशा आहे, रंगीत ठिपके आहेत, महिन्याचा अहवाल आहे. झाडणारीसाठी काय? आजची हजेरी धरली गेली का, कपात झाली तर कुठल्या दिवसाची आणि कशामुळे, याची उत्तरं तिच्या मनगटावर मिळत नाहीत. ती विचारायला तिला पुन्हा जमादाराकडेच जावं लागतं. संगणक अंगावर आहे आणि त्याच्याशी बोलायची सोय मात्र दुसऱ्याकडे.

'युजर-फ्रेंडली' हा शब्द आपल्याकडे फार स्वस्तात वापरला जातो. बटणं मोठी केली, चित्रं टाकली, भाषा मराठी केली की झालं. फिरतीवर काम करणाऱ्या माणसाच्या अंगावर यंत्र चढवायचं असेल तर त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: हे यंत्र आधी कुणाशी बोलतं? ज्याच्या अंगावर आहे त्याच्याशी, की त्याच्या वरच्याशी? बाकीची सगळी रचना या एका उत्तरातून निघते.

भारतीय रेल्वेत याचे दोन्ही नमुने बघायला मिळतात. रूळांवरून रोज आपली बीट चालणारा कीमन घ्या. हातात हातोडा, सोबत लाल झेंडी, धोक्याच्या वेळी रुळावर लावायचे फटाके. रूळ जागेवर धरणाऱ्या, ढिल्या झालेल्या चाव्या ठोकत, तडा दिसतोय का बघत तो काही किलोमीटर एकटा चालतो. नजर सतत खाली. वळणावर समोरचं दिसत नाही, डोंगर कापून काढलेल्या कटिंगमध्ये आवाज उशिरा कळतो, आणि दुहेरी मार्गावर एका गाडीला वाट द्यायला बाजूला झालेला माणूस दुसऱ्या रुळावर उभा असू शकतो. या माणसाला रेल्वेने अलीकडे जीपीएस ट्रॅकर दिला. तो कुठे आहे, किती चालला, कुठे थांबला, हे वर कळावं म्हणून. त्याच रेल्वेने टप्प्याटप्प्याने 'रक्षक' नावाचं आणखी एक यंत्र आणलं. व्हीएचएफ रेडिओ लहरींवर चालणारं हे यंत्र रुळावरच्या माणसाला गाडी येत असल्याचा इशारा देतं. खातं एकच, कामगार एकच. पहिलं यंत्र कीमनबद्दल बोलतं, दुसरं कीमनशी बोलतं. दुसरं बंद पडलं तर कीमन स्वतः दुरुस्तीला घेऊन येईल. पहिलं बंद पडलं तर? मनातून त्याला बरंच वाटेल. एखादी रचना चांगली की वाईट हे ताडायला एवढी खूण मला पुरेशी वाटते.

यावर कुणी म्हणेल की ट्रॅकरनेही माणूस वाचू शकतो. पावसाळ्यात दरड कोसळली तर गस्तवाला त्यावरून कळवू शकतो. बरोबर आहे. पण मग कळवायची सोय हे त्या यंत्राचं पहिलं काम असायला हवं. एक मोठं बटण, ओल्या बोटांनी, अंधारात, न बघता दाबता येईल असं. आणि दाबल्यावर संदेश पोचल्याची हाताला जाणवेल अशी पोच. ती पोच नसेल तर कोकणातल्या एखाद्या बोगद्याच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाला आपला निरोप गेला की नाही हे कळायचं कसं? निम्म्याहून अधिक यंत्रं इथेच नापास होतील. ती ऐकतात, पण 'ऐकलं' असं म्हणत नाहीत.

यातलं काहीच नवं नाही. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात डॅन सिव्हिओरेक आणि असीम स्मैलाजिक यांच्या गटाने नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धात 'व्ह्यूमॅन' नावाचे अंगावर घालायचे संगणक बनवले. त्यातला तिसरा, 'व्ह्यूमॅन-३', मरीन दलाच्या मेकॅनिकांसाठी होता. कॅलिफोर्नियातल्या कॅम्प पेंडल्टनमध्ये जमिनीवर आणि पाण्यात चालणाऱ्या चिलखती गाड्यांची तपासणी चाले. सहाशेहून जास्त बाबी, कागदांची जाडजूड चळत. मेकॅनिक गाडीच्या खाली, आत, टपावर. हात ग्रीसने माखलेले. कागद काळे होत, उडत, आणि शेवटी कुणीतरी ते सगळं पुन्हा संगणकावर टंकत बसे.

या मंडळींनी माउस दिला नाही, कीबोर्ड दिला नाही. कमरेला लावायच्या डब्यावर एक गोल चकती दिली. ती फिरवली की डोळ्यासमोरच्या छोट्या पडद्यावर पुढची बाब येते, बटण दाबलं की नोंद होते. हातमोजे घालून फिरवता येईल एवढी मोठी, डावखुऱ्यालाही तितकीच सोयीची.  दिवसअखेर वायर जोडली की सगळ्या नोंदी मोठ्या संगणकात. दुबार टंकन संपलं. नव्वदच्या दशकातला तो जाडा, बेढब डबा. आजच्या घड्याळांपुढे ताकद काहीच नाही. पण तो मेकॅनिकचा ताप कमी करायला बनवला होता. आज हजारपट ताकदीचं यंत्र हातात आहे आणि आपण त्याला फक्त एकच विचारतो: 'बाई कुठे आहे?'

या वाटेवर महागडी फसगतही झाली आहे. गूगलने २०१३ मध्ये चष्म्यातला संगणक आणला, लोकांनी नाकारला; २०१७ मध्ये तोच कारखान्यांतल्या कामगारांसाठी म्हणून पुढे केला आणि २०२३ मध्ये विक्री थांबवली. त्यावर फार वेळ घालवायला नको. यंत्र आधी आणि काम नंतर शोधलं की असंच व्हायचं.

मला जास्त रस आहे तो आपल्याकडच्या अंगांमध्ये. अंगावरचा संगणक बनवणाऱ्यांनी मनात धरलेलं शरीर कुठलं असतं? पुरुषाचं, पँट-शर्टातलं, खिसे असलेलं, डावं मनगट मोकळं. आता सकाळी सहा वाजता आपल्या कुठल्याही शहरात रस्ता झाडणारी बाई बघा. साडी, वर मापात न बसणारा महापालिकेचा कोट किंवा जॅकेट, डोक्याला बांधलेला रुमाल. खिसा नाही. फोन असलाच तर ब्लाउजमध्ये नाहीतर कमरेच्या पिशवीत. दोन्ही हातांत बांगड्या, त्यात बऱ्याचदा काचेच्या. घड्याळ चढवायचं तर बांगड्यांच्या वर, म्हणजे कोपराकडे सरकवावं लागतं, किंवा बांगड्यांच्या खाली, जिथे झाडताना प्रत्येक फटक्याला काच त्याच्यावर आपटणार. लांब दांड्याचा खराटा दोन्ही हातांनी धरून ती कमरेतून वळते, मनगट सतत आत-बाहेर फिरतं. घाम पट्ट्याखाली साचतो आणि तिथे कातडी सोलवटते. हातमोजे मिळाले असतील आणि ती ते घालत असेल तर मोज्याची कड आणि पट्टा एकाच जागी येतात. यातलं काही कळायला मोठा अभ्यास लागत नाही, तासभर फुटपाथवर उभं राहिलं तरी दिसतं.

नाडीचे ठोके मोजणाऱ्या घड्याळांची आणखी एक गंमत आहे. ती कातडीवर हिरवा प्रकाश टाकतात आणि परत आलेल्या उजेडावरून रक्ताची लाट ओळखतात. कातडीखाली शाई असली की हा उजेड अडतो. अ‍ॅपलचं घड्याळ २०१५ मध्ये बाजारात आलं तेव्हा हातावर टॅटू असलेल्यांच्या तक्रारी आल्या आणि टॅटूमुळे मोजणीत अडथळा येऊ शकतो हे कंपनीनेही मान्य केलं. तिकडे ती तरुण हौशी लोकांची अडचण होती. आपल्याकडे गोंदण ही आजी-पणजीपासून चालत आलेली गोष्ट आहे; हातावर तुळस, नवऱ्याचं नाव, ठिपक्यांची नक्षी. उद्या कुणी उन्हाळ्यात कामगारांची नाडी बघायला असं यंत्र आणलं तर पन्नाशीतल्या ज्या बाईला त्याची सगळ्यात जास्त गरज, तिच्याच हातावर ते चुकण्याची शक्यता जास्त. हा धोका निविदा लिहिणाऱ्याच्या ध्यानात येणार नाही. तिच्या सुनेला विचारलं असतं तर दोन मिनिटांत कळला असता.

जमिनीवरच्या वास्तवाची दुसरी बाजू म्हणजे स्वतः जीपीएस. मोकळ्या आकाशाखाली साधा स्मार्टफोनही पाचेक मीटरच्या अचूकतेने जागा सांगतो. पण नागपुरातलं महाल किंवा इतवारी डोळ्यासमोर आणा. अरुंद गल्ल्या, दोन्हीकडे तीन-चार मजली घरं. उपग्रहाची लहर भिंतीवर आपटून उशिरा पोचते आणि यंत्राला वाटतं आपण पलीकडच्या गल्लीत आहोत. बाई आपल्या बीटमध्ये घाम गाळतेय आणि नकाशावरचा ठिपका हद्दीबाहेर गेलेला आहे, असं घडू शकतं. अभियंत्याला हे ठाऊक असतं. तो त्याला 'एरर' म्हणतो आणि पुढे जातो. पण ती एरर कुणाच्या खात्यातून वजा होणार, हे ठरवणं हासुद्धा रचनेचाच भाग आहे. शंका असेल तिथे हजेरी कामगाराच्या बाजूने धरायची, असा नियम सॉफ्टवेअरमध्ये एका ओळीत लिहिता येतो. उलटा नियमही एकाच ओळीत लिहिला जातो.

ज्यांनी जुन्या एसटीतून प्रवास केलाय त्यांना कंडक्टरची तिकिटांची पत्र्याची पेटी आठवत असेल. वेगवेगळ्या किमतीच्या तिकिटांचे गठ्ठे आपापल्या जागी, हातात पंच, खांद्याला चामड्याची बॅग. घाटात गाडी हेलकावे खातेय, उभ्या माणसांची दाटी आहे, दिवा मिणमिणता आहे, आणि कंडक्टर पाठ सीटच्या दांडीला टेकवून समोरच्या म्हातारीशी बोलत बोलत बोटांनीच नेमकं तिकीट फाडतोय. नजर पेटीकडे जातच नाही. फिरतीच्या माणसासाठी बनवलेल्या वस्तूची हीच तर कसोटी आहे: डोळे कामाकडे राहिले पाहिजेत, वस्तूचा कारभार हाताने सांभाळला पाहिजे. नंतर तिकिटांची इलेक्ट्रॉनिक यंत्रं आली. हिशेब चोख झाला, रात्री डेपोत पैसे जुळवायचा ताप कमी झाला, ते चांगलंच झालं. सुरुवातीच्या यंत्रांना खरीखुरी बटणं होती, त्यामुळे महिनाभरात बोटं सरावत. गुळगुळीत काचेचा पडदा आला की बोटाला काहीच लागत नाही. प्रत्येक तिकिटाला मान खाली घालावी लागते. उन्हात काच दिसत नाही, पावसाचा थेंब पडला तर स्पर्श चुकतो. काचेचा पडदा बनवायला सोपा, बदलायला सोपा, दाखवायला देखणा. पण ही सोय विकणाऱ्याची आहे, आणि ती कंडक्टरच्या गळ्यात मारून आपण तिला प्रगती म्हणतो.

मग आवाज वापरावा का? हात गुंतलेल्या माणसासाठी बोलून चालणारं यंत्र ही कल्पना आकर्षक आहे, आणि एका जागी ती बरीच वर्षं चालूही आहे. परदेशातल्या मोठ्या गोदामांत माल उचलणारा कामगार कानाला हेडसेट लावतो. यंत्र त्याला सांगतं, अमुक रांगेत जा. तिथे पोचल्यावर फळीवर लिहिलेले दोन-तीन आकडे तो मोठ्याने वाचतो, ते जुळले तर यंत्र 'एवढे नग उचल' म्हणतं. हातात कागद नाही, यादी नाही. या पद्धतीतली शहाणपणाची गोष्ट वेगळीच आहे. शब्द मोजके, आकडे आणि चार-दोन हुकूम. आणि कामावर रुजू होताना प्रत्येक कामगार ते शब्द आपल्या आवाजात यंत्राला म्हणून दाखवतो. यंत्र त्याची बोली शिकतं, त्याने यंत्राची शिकायची गरज नाही. वऱ्हाडातल्या, खानदेशातल्या, मालवणातल्या माणसासाठी काही करायचं असेल तर हीच वाट जवळची आहे. सगळी मराठी समजणारं भव्य सॉफ्टवेअर तयार होईपर्यंत थांबायचं कारण नाही. वीस शब्द त्याच्या तोंडचे समजले तरी निम्मं काम होतं.

अर्थात त्याच गोदामांत तोच आवाज कामगाराला पळवतोही. दोन हुकुमांमध्ये किती सेकंद गेले हे मोजलं जातं. अ‍ॅमेझॉनला २०१८ च्या जानेवारीत एका मनगटी पट्ट्याचं पेटंट मिळालं. हात कुठल्या कप्प्याकडे जातोय हे ओळखून तो पट्टा थरथरणार होता. हात मोकळे राहावेत म्हणून ही कल्पना, असं कंपनीचं म्हणणं. असेलही. पण चुकीच्या कप्प्याकडे गेलेल्या हाताला मदत करणारी थरथर आणि त्याची नोंद ठेवणारी थरथर, कातडीला दोन्ही सारख्याच लागतात. फरक असतो तो नोंद कुठे जाते यात.

भाषेवरून आपल्या राज्यात जे घडलं ते अजून ताजं आहे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. फोन कमी क्षमतेचे, गरम होणारे, मध्येच अडकणारे. आणि माहिती भरायचं 'पोषण ट्रॅकर' अ‍ॅप इंग्रजीत. गावातल्या प्रत्येक बाळाचं वजन जिला तोंडपाठ, तिला ते इंग्रजी रकान्यात भरायला मुलाला शेजारी बसवावं लागत होतं. पेपरांत बातम्या आल्या त्या 'सेविकांचा तंत्रज्ञानाला विरोध' अशा सुरात. मला तो विरोध वाटतच नाही. ती तंत्रज्ञानाची परीक्षा होती, परीक्षक सेविका होत्या आणि निकाल नापास लागला. कंपन्या असल्या चाचणीसाठी पैसे मोजतात. आपल्याला ती फुकटात मिळाली आणि आपण परीक्षकांनाच नोटिसा देण्याची भाषा केली.

मेळघाटासारख्या भागात तर नेटवर्क हाच पहिला अडसर. रोजगार हमीच्या कामांवर दिवसातून दोनदा फोटो चढवून हजेरी लावायची पद्धत २०२३ च्या १ जानेवारीपासून देशभर सक्तीची झाली. फोटो चढला नाही तर मजुरी लटकते. यंत्राने नोंद स्वतःजवळ ठेवावी, रेंज आली की पाठवावी आणि तोवर मजुराला 'तुझी हजेरी माझ्याकडे आहे' एवढं दाखवावं, यात अवघड असं काही नाही. पोस्टमनच्या पिशवीतलं पत्रसुद्धा रेंजवाचून पोचत होतं.

आता विरोधी बाजू, आणि ती हलकी नाही. महापालिका घड्याळं का आणतात? कारण बोगस हजेरी ही खरी गोष्ट आहे. हजेरीपटावर नावं असतात, रस्त्यावर माणसं नसतात. कंत्राटदार शंभर माणसांचे पैसे उचलतो आणि साठच कामाला लावतो, अशा तक्रारी प्रत्येक शहरात कधी ना कधी झालेल्या आहेत. कर भरणाऱ्याला आपल्या दारातला कचरा का उचलला नाही हे विचारायचा हक्क आहेच. मुकादमाच्या मर्जीवर चालणारी हजेरी कामगाराला तरी कुठे न्याय देत होती? यंत्राने मुकादमाचा लहरीपणा कमी झाला तर ऐवजदार, म्हणजे कायम न झालेला बदली कामगारही दुवाच देईल.

पण हे म्हणणं नीट वाचलं तर ते घड्याळाच्या विरोधात जातं. बोगस हजेरी लावतं कोण? झाडणारी बाई स्वतःचं खोटं नाव पटावर चढवू शकत नाही. चोरी होते ती पटावर, मधल्या माणसाच्या टेबलाशी. आणि यंत्र बांधलं जातं ते साखळीतल्या शेवटच्या मनगटावर. शिवाय घड्याळाला घड्याळच कळतं, माणूस कळत नाही. एकाने चार घड्याळं खिशात घालून बीट फिरली तर पडद्यावर चार आज्ञाधारक ठिपके दिसणार. हजेरी पारदर्शक करायची असेल तर रोजच्या नोंदीची प्रत कामगाराच्या हातात द्या आणि पगार थेट त्या नोंदीशी जोडा. बोगस नावाला आपला पगार कमी का आला हे विचारता येत नाही. खऱ्या कामगाराला येतं. ज्या दिवशी बाईला मनगटावर 'या महिन्यात एवढे दिवस भरले, एवढे पैसे जमा होणार' असं दिसेल, त्या दिवशी हे यंत्र मुकादमावरही नजर ठेवायला लागेल. तेव्हा ते काढून फेकायची घाई तिला नसेल; ती दुसऱ्याच कुणाला तरी असेल.

कायद्याकडून इथे फार आधार मिळत नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल पुट्टस्वामी प्रकरणात दिला. त्यानंतर २०२३ मध्ये व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा आला. त्याच्या सातव्या कलमात नोकरीच्या कारणांसाठी संमतीशिवाय माहिती वापरायची मुभा मालकाला ठेवली आहे. म्हणजे 'मला विचारलं नाही' एवढ्या मुद्द्यावर कामगाराला फार पुढे जाता येईल असं दिसत नाही. म्हणूनच यंत्राची रचना कशी होते याला जास्त महत्त्व येतं. कायद्याने जिथे दार उघडं ठेवलंय तिथे कडी लावायची असेल तर ती यंत्रातच लावावी लागेल.

आणि आपल्याकडे यंत्राची रचना होते कुठे? निविदेत. एखाद्या डिझाइनरच्या मेजावर ती होते हा शहरी गैरसमज आहे. आयपी-६७ पाहिजे, बॅटरी इतके तास पाहिजे, हद्द आखायची सोय पाहिजे, डॅशबोर्ड पाहिजे, सगळ्यात कमी दर ज्याचा त्याला काम. आयपी-६७ म्हणजे धूळ आत जाणार नाही आणि मीटरभर पाण्यात अर्धा तास तग धरेल. ही चाचणी साध्या पाण्यात होते. घाम, फिनेल, गटाराचं पाणी, भांड्याचा साबण यांचं त्यात काही नाही. निविदा जे मागत नाही ते कंपनी देत नाही. तिला दोष देऊन उपयोग नाही. म्हणून मागणी निविदेपाशी करायला हवी, आणि कामगार संघटनांनी ती करायला हवी. संघटना सहसा यंत्र आल्यावर 'हटाव'ची घोषणा देतात. यंत्र कागदावर असताना खरेदी समितीत दोन झाडणाऱ्या बाया बसवा, अशी मागणी मी तरी फारशी ऐकलेली नाही.

त्या कागदात काय असावं यावर माझं मत असं. यंत्रातली प्रत्येक नोंद आधी ज्याच्या अंगावर ते आहे त्याला दिसावी, मग वर जावी. पगार कापणारी कुठलीही कृती यंत्राने आपोआप करू नये. कापणाऱ्या माणसाचं नाव आणि कारण कामगाराला त्याच दिवशी कळावं. जेवणाच्या आणि शौचाच्या वेळी ते काढायची मुभा असावी आणि काढलं म्हणून दंड नसावा. चार्जिंग हजेरीच्या शेडमध्ये, महापालिकेच्या विजेवर. हरवलं, फुटलं तर पहिली भरपाई कंत्राटदाराच्या विम्यातून. चाचणी एकदा मे महिन्यात आणि एकदा जुलैत, बांगड्या घातलेल्या हातांवर, त्याच गल्ल्यांत. आणि यंत्र कामगाराला किमान एक अशी गोष्ट देणारं असावं, जी त्याला आज मिळत नाही.

ती एक गोष्ट कुठली, हे शहराशहरानुसार बदलेल. नागपुरात मला उत्तर समोर दिसतं. तिथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. उष्णता आणि दमटपणा मिळून शरीराला किती त्रास होतोय याचा ढोबळ अंदाज घ्यायला नाडीच्या सेन्सरचीही गरज नाही. बीटमधलं तापमान आणि आर्द्रता पुरते. ठरलेली पातळी ओलांडली की घड्याळाने थरथरावं, 'वीस मिनिटं सावलीत बसा' म्हणावं, आणि ती वीस मिनिटं कामाचे तास म्हणून आपोआप हजेरीत धरावीत. आज सावलीला टेकलेली बाई पडद्यावर कामचुकार ठरते. तेच घड्याळ, तोच जीपीएस, तीच बॅटरी. पण सावलीतला ठिपका वेगळ्या अर्थाने वाचला जाईल. यासाठी नवं यंत्र विकत घ्यावं लागत नाही, सॉफ्टवेअर आणि आयुक्तांचं एक परिपत्रक पुरतं.

शेवटची अट कंपन्यांना आवडणार नाही. खरेदीआधी एका झोनमध्ये तीन महिने चाचणी घ्यावी. पहिले दोन महिने घड्याळ सक्तीचं, तिसऱ्या महिन्यात ऐच्छिक. घाला, नाहीतर शेडमध्ये ठेवून जा, पगाराला धक्का नाही. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी जितक्या हातांत ते उरेल, त्या प्रमाणात कंत्राटदाराचं बिल निघावं. असं केलं तर कुणीच घालणार नाही, असं एखादा अधिकारी म्हणेल. तसं त्याला आताच माहीत असेल तर त्याने ते फायलीवर लिहावं आणि खरेदीचा प्रस्ताव परत पाठवावा. त्या पैशांत हातमोजे येतील, मापाचे.